पासपोर्टावरचं नाव, पिशवीतला कुंदा

गेल्या अंकात नेपाळ यात्रेच्या कागदांबद्दल थोडंसं लिहिलं आणि टपाल वाढलं. खानापूर, निपाणी, वडगाव, चंदगड, कणकुंबी, सगळीकडून पत्रं आली आहेत. बेळगावात पासपोर्टाचे अर्ज भरून द्यायचं आणि यात्रा न्यायचं काम करताना जे प्रश्न माझ्या टेबलापाशी रोज येतात, तेच या पत्रांतही आहेत.

आपल्या भागात माणूस सकाळी राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाऊन दुपारी जेवायला घरी येतो. कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला दवाखाना करतो, चोर्ल्यातून उतरून गोव्यात नोकरीला जातो. कोण कुठला, कुणाचा, हे वाटेतल्या चहावाल्यालाही माहीत असतं. देशाची हद्द ओलांडताना समोरच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यापुढे फक्त कागद आणि बॅग. सगळ्या कागदांवर एकच नाव असावं आणि बॅगेत जे आहे ते त्याने विचारायच्या आधी आपण सांगितलेलं असावं, इतकंच माझं मागणं आहे. बहुतेक उत्तरं त्याच दोन गोष्टींकडे जातात.

प्रश्न : ताई, माझ्या पोराला दुबईला काम लागलंय म्हणून एजंट सांगतोय. खरं कागदात नाव सगळीकडं वेगळं आहे. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर एक. पोरगं एसएसएलसीला बसलं, खरं पास झालं नाही. एजंट म्हणतो आधी फिरायच्या व्हिसावर जाऊ दे, तिकडं गेल्यावर कामाचा करून देतो. पासपोर्ट लवकर पाहिजे. काय करू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : काकू, तुम्ही कागदांच्या झेरॉक्स जोडल्या म्हणून नीट बघता आलं. मुलाचं नाव ज्ञानेश्वर. शाळेचा दाखला कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना कुणीतरी ते नाव जी या अक्षराने सुरू केलं. आधारवर ते जे आणि एनने सुरू होतं, आणि पॅन काढणाऱ्याने आपल्या मराठी रीतीने डी, एन, वाय लिहिलं. तुम्हा-आम्हाला तिन्ही वाचून एकच मुलगा दिसतो. संगणकाला तीन माणसं दिसतात. ज्ञ असलेली नावं, शेवटी राव किंवा गौडा लागणारी नावं आणि ज्यांच्या कागदांवर आडनावाऐवजी गावाचं किंवा बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागलं आहे ती नावं, या तिन्ही प्रकारांत आपल्या जिल्ह्यातली मुलं सर्रास अडकतात. मराठी घर, कन्नड कचेरी आणि इंग्रजी फॉर्म अशा तीन हातांतून नाव गेलं की त्याचं असं होतं. यात तुमचा दोष नाही.

आता क्रम सांगते. तो मोडू नका. आधी ठरवा की पुढे जन्मभर कोणतं स्पेलिंग ठेवायचं. शाळेच्या दाखल्यावरचं ठेवणं सहसा सोपं पडतं, कारण शाळेचा कागद बदलून घेणं सर्वांत अवघड. हेडमास्तरांचा अर्ज, जुन्या रजिस्टरचा उतारा आणि मग वरपर्यंतच्या फेऱ्या. आधारवरचं नाव त्यामानाने लवकर बदलतं, पण ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे ध्यानात ठेवा. एकदा आधीच बदललं असेल तर हाती एकच संधी उरली. आधार झालं की पॅन, मग बँकेचं पासबुक. हे सगळं एका रांगेत आलं की मगच पासपोर्टाचा अर्ज.

अर्जात नावाचे दोन रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, आणि दुसऱ्या रकान्यात मुलाचं नाव व वडिलांचं नाव. आपल्याकडे पुष्कळजण सगळं नाव एकाच रकान्यात कोंबतात आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडतात. भारतात असा पासपोर्ट मिळतो. पण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून एकच शब्द असलेल्या नावाच्या प्रवाशांना फिरायच्या व्हिसावर आत घेणं थांबवलं. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालून गेल्याची उदाहरणं आहेत, पण तेवढ्यावर विसंबून तिकीट काढू नका. दोन्ही रकाने भरा.

अर्ज बेळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतो. तिथे तारीख लांबची मिळत असेल तर हुबळी आहे, आणि 2018 पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करायला मुभा आहे. तुमचा भाऊ कोल्हापूरला असेल तर तिथेही चालेल. पोलीस चौकशी मात्र अर्जात जो पत्ता लिहाल त्या पत्त्यावरच येते. खानापूरचा पत्ता लिहून मुलगा गोव्यात राहत असेल तर चौकशीच्या वेळी त्याला घरी बोलवा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. फी साध्या 36 पानी पासपोर्टाची 1500 रुपये, तत्काळला 2000 जास्त. तत्काळ म्हणजे कागदांतला फरक चालवून घेतात असा समज आहे. तो खोटा आहे. घाईत केलेल्या अर्जात फरक लवकर सापडतो आणि प्रकरण लवकर अडतं.

आता एजंटाचं. काकू, इथे मी स्पष्ट बोलते. तुमचा मुलगा दहावी पास नाही, त्यामुळे त्याच्या पासपोर्टावर इसीआर असा शेरा येईल. हा शेरा असलेल्या माणसाला नोकरीसाठी 18 देशांत जायचं असेल तर सरकारची वेगळी परवानगी लागते. अमिरात, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे सगळे त्या 18 मध्ये आहेत. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते. तिथे मालकाचं नाव, पगार, कामाचा करार हे सगळं नोंदवावं लागतं आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आहे. फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. एजंट नेमका त्याच फटीतून तुमच्या मुलाला पाठवू बघतोय. तिथे उतरल्यावर त्याच्याकडे करार नाही, विमा नाही, आपल्या सरकारकडे नोंद नाही. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो मुलगा, एजंट नव्हे. मालकाने पगार दिला नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करायची, हेही मुलाला सांगता येत नाही.

एजंटाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि ई-मायग्रेटवर तो शोधा. नोंदणी असलेल्या एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तुमच्याकडे दीड लाख मागितलेत. पावतीचं नाव काढलं की तो काय म्हणतो ते बघा. शेत गहाण टाकून पैसे उभे करायचा विचार पत्रात आहे, तो कृपा करून थांबवा. मुलाला एसएसएलसीचे राहिलेले विषय पुन्हा द्यायला लावा. दहावीचं प्रमाणपत्र हाती आलं की इसीआरचा शेराच जातो आणि पगाराची बोलणीही वेगळी होतात.

प्रश्न : आमचं महिला मंडळ काशीहून पुढे पशुपतिनाथाला जाणार आहे. वीसजणी आहोत, शिवाय दोन-तीन पुरुष माणसं आणि एकीची सोळा वर्षांची नात. टेम्पो ट्रॅव्हलर इथूनच नेणार. सगळ्यांची आधार कार्डं आहेत. तेवढं पुरे ना? पैसे कोणत्या नोटांत न्यावेत?
— निपाणी

उत्तर : पुरे नाही. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही, म्हणून लोकांना वाटतं की काहीही चालतं. भारत सरकारने मान्य केलेली ओळख दोनच : पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. मधल्या वयाच्या बायकांनी मतदार ओळखपत्र घ्या, मूळ घ्या. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स घेऊन सुनौलीपर्यंत दोन हजार किलोमीटर जाणं योग्य नाही. सीमेवर आपल्या बाजूने सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, ते कार्ड हातात घेऊन चेहरा बघतात.

सोळा वर्षांची नात ही या दोन्हींत बसत नाही. तिला मतदार कार्ड असणार नाही. 15 ते 18 मधल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. तिची शाळा सुरू असतानाच ते करून घ्या, मे महिन्यात मुख्याध्यापक सापडत नाहीत. सोबत आई-वडील येत नसतील तर त्यांचं सहीचं संमतीपत्रही आजीने जवळ ठेवावं.

मंडळातल्या प्रत्येकीचं मतदार कार्ड आताच एकदा समोर मांडून बघा. आपल्याकडच्या बायकांचं मतदार कार्ड सासरच्या नावाने असतं, आधार कधी माहेरच्या नावाने, आणि बसच्या यादीत तिसरंच, घरी हाक मारतात ते नाव लिहिलेलं असतं. रस्त्याने जाताना हे निभावतं. पण परतीचं काठमांडूहून विमान करायचं ठरलं, तर तिकिटावर मतदार कार्डावरचंच नाव अक्षरशः तसंच पाहिजे. विमान कंपनीचा माणूस काउंटरवरूनच परत पाठवतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती पासपोर्टाला नाही, मतदार यादीलाही नाही. एकच नाव ठेवा, मग ते माहेरचं असो की सासरचं.

गाडीचं जरा सविस्तर सांगते, कारण यात्रा इथे सर्वांत जास्त रखडते. सुनौली ओलांडली की नेपाळचं बेलहिया, आणि तिथे भन्सार कार्यालय, म्हणजे त्यांचं कस्टम. भारतीय गाडीला तिथे दिवसांप्रमाणे पैसे भरून भन्सारची पावती घ्यावी लागते. किती दिवस राहणार ते आधी सांगायचं. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा, लुंबिनी धरून दिवस मोजा आणि एक दिवस जास्तीचा भरा. डोंगरात दरड कोसळून रस्ता बंद पडणं तिथे नेहमीचं आहे आणि पावतीची मुदत उलटली की दंड लागतो. गाडीचं मूळ आरसी, चालकाचा परवाना, पीयूसी आणि इन्शुरन्स हे सगळं लागेल. तुमची ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीची, म्हणजे तिला भन्सारशिवाय नेपाळच्या यातायात कार्यालयाचा परवानाही लागतो. ड्रायव्हर निपाणीचाच असेल आणि कधी तिकडे गेला नसेल तर सीमेवर सकाळी लवकर पोचा. दोन खिडक्या, दोन रांगा, आणि दुपारनंतर गर्दी.

इन्शुरन्सचं कुणीच बघत नाही. आपल्या गाडीच्या पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून थोडा जादा हप्ता भरून हद्द वाढवून घ्यावी लागते. पॉलिसीत भौगोलिक विस्तार असा शब्द असतो, तो जोडलेला कागद मालकाकडून मागून घ्या. वीस बायकांची गाडी मुगलिंगच्या घाटातून जाणार आहे. मालक म्हणेल कशाला लागतंय, तरी घ्या.

पैशांबद्दल. नेपाळने डिसेंबर 2018 मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यानंतर नियम सैल करण्याकडे कल आहे, तरी दुकानदार आणि हॉटेलवाले आजही मोठी नोट बघून मान हलवतात. प्रत्येकीने 100 च्या नोटांची गड्डी बँकेतून आधीच घ्यावी, निपाणीच्या बँकेला चार दिवस अगोदर सांगितलं तर मिळते. आपले 100 म्हणजे त्यांचे 160 नेपाळी, हा भाव 1993 पासून ठरलेला आहे. सीमेवरचे दलाल 150 देऊ करतात, घेऊ नका.

परत येताना रुद्राक्ष, शाली, ब्लँकेट घ्यायची तुमची यादी पत्रात आहे. रस्त्याने नेपाळहून येणाऱ्याला विमानाने येणाऱ्यासारखी करमुक्त सवलत नाही. वापरातल्या वस्तू तेवढ्या बिनकराच्या. देवासाठी एखादी माळ आणि अंगावरची शाल यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. पण वीसजणींनी मिळून दहा-दहा ब्लँकेटं गाडीच्या टपावर बांधली तर तो व्यापार दिसतो. पावत्या ठेवा आणि विचारलं तर खरं सांगा.

प्रश्न : लेक शारजात असते. पहिली दिवाळी तिकडे. अनारसे, चकली, आमचा घरचा मसाला आणि तिच्या नवऱ्यासाठी खोकल्याचं औषध पाठवायचं आहे. शेजारची एक मुलगी याच आठवड्यात जातेय, तिच्याकडे देऊ का?
— वडगाव, बेळगाव

उत्तर : वहिनी, अनारसे देऊ नका. खसखस ही अफूच्या झाडाची बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि तिथले अधिकारी तिच्याकडे अमली पदार्थ म्हणून बघतात. सौदी आणि सिंगापूरमध्येही तेच. अनारशाची एक बाजू पूर्ण खसखशीवर थापलेली असते, आणि तळताना सुटलेले दाणे डब्याच्या तळाशी जमतात. तो डबा उघडला की बघणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. अशा साध्या फराळाच्या डब्यावरून लोकांची चौकशी झाली आहे, काहींना कोठडीही झाली आहे. मसाल्यातही खसखस असते. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मटणाच्या मसाल्यात आपण ती सुक्या खोबऱ्याबरोबर भाजून घालतो. म्हणून लेकीसाठी वेगळा मसाला कुटा, खसखस वगळून. अनारसे तीळ लावून केले तरी चव फार बदलत नाही. नागवेलीची पानंही तिकडे नेता येत नाहीत, लक्ष्मीपूजनाच्या विड्यासाठी म्हणून घालाल, तर तेही काढा. चकली, शंकरपाळ्या, चिवडा बिनधास्त द्या. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या मात्र चेक-इन बॅगेत घालू नका. त्या तेलामुळे पेट घेतात म्हणून विमानतळावर काढून ठेवतात.

औषधाचं. खोकल्याच्या पुष्कळ सिरपांत कोडीन हे गुंगी आणणारं द्रव्य असतं. कोडीन, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या कित्येक गोळ्या तिकडे नियंत्रित आहेत. अमिरातीच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आधी परवानगी घेता येते, त्याला फी नाही, पण ती औषध घेणाऱ्याच्या नावाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट असते. जावयांचं औषध शेजारच्या मुलीच्या बॅगेत असेल तर चिठ्ठी एकाच्या नावाची आणि बाटली दुसरीच्या हातात. त्यांना तिथल्याच डॉक्टरकडे जाऊ द्या.

आता शेजारच्या मुलीबद्दल. तिच्याकडे काही द्यायचंच असेल तर तिच्यासमोर डबा उघडा, एकेक वस्तू दाखवा, आणि तिच्याच हाताने बॅगेत ठेवू द्या. शिवलेलं, टेपने गुंडाळलेलं पुडकं कुणाला देऊ नका आणि कुणाकडून घेऊ नका, मग तो मामा असो की मंदिरातला ओळखीचा. बॅगेत जे सापडतं ते बॅग ज्याची त्याचं, असाच कायदा सगळीकडे आहे. या कारणावरून परक्या देशाच्या तुरुंगात बसलेली आपली मुलं आहेत आणि त्यांच्या आया माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी फार काही करू शकत नाही. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगते आहे.

प्रश्न : मुलगा व्हीटीयूमधून इंजिनिअर झाला. जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. आमचं घर बेळगावात, माझं माहेर चंदगड. व्हिसाला मुंबई जवळ वाटते, चालेल का? आणि त्याच्या प्राध्यापकांसाठी कुंदा न्यायचा आहे.
— टिळकवाडी

उत्तर : मुलाचं अभिनंदन. व्हिसासाठी मुंबई नाही, बंगळूर. जर्मनीच्या वकिलाती राज्यांवरून वाटलेल्या आहेत. कर्नाटकात राहणाऱ्याने बंगळूरला अर्ज करायचा, महाराष्ट्र आणि गोव्यातल्याने मुंबईला. तो चंदगडला मामाकडे राहतो असा खोटा पत्ता जोडायचा मोह होईल. तो अर्ज पुढे त्याच्याच अंगावर येईल, तेव्हा नको. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे त्याच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची तपासणी. ते यायला आठवडे जातात. ते मिळाल्याशिवाय व्हिसाची तारीख धरू नका.

कुंदा नाही नेता येणार, आणि याचं मलाही वाईट वाटतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. कुंदा म्हणजे तासन् तास आटवून तपकिरी रवा धरलेलं दूधच. सापडला तर काढून घेतात आणि नष्ट करतात, लपवलेला सापडला तर दंड. पेढा, खवा, चीक, लोणी, सगळ्यांना हाच नियम. इंग्लंडलाही आपली दुधाची मिठाई नेता येत नाही. प्राध्यापकांना गोकाकचा करदंट द्या. डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा तो. घटक छापलेलं, कारखान्याचं बंद पाकीट घ्या आणि विचारलं तर दाखवा.

कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्या, आंबे, लिंबं नकोत. झाडपाल्याला तिकडे रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते न लागणारी फळं पाचच : अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्युरियन. त्यामुळे निघताना ओटीतला नारळ त्याने नेला तर चालेल. सोललेला न्या. लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत.

प्रश्न : मस्कतला मुलीकडे तीन महिने राहून येणार आहे. अंगावर पाटल्या, मंगळसूत्र, एक तोडा असतो. परत येताना गोव्याच्या मोपा विमानतळावर अडवतील का? तिकडे सोनं स्वस्त म्हणून दोन बांगड्या घ्याव्या का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : जाताना विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. सोनाराकडून वजनाचा आणि शुद्धतेचा दाखला, दागिन्यांचे स्पष्ट फोटो, आणि जुनी पावती असेल तर ती, एवढं घेऊन नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा. परत येताना हा कागद दाखवला की वाद नाही. मंगळसूत्रासाठी कुणी सहसा अडवत नाही. पाटल्या आणि तोडा जड असतील तर प्रमाणपत्र कराच.

नव्या बांगड्यांचं वेगळं आहे. दागिन्यांची खास सवलत, म्हणजे स्त्रीला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम, ही वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्याला आहे. तीन महिन्यांच्या फेरीला ती लागू नाही. सोन्याची बिस्किटं आणि नाणी तर कुणालाच त्या सवलतीत बसत नाहीत. एकूण करमुक्त सामानाची रुपयांतली मर्यादा सरकार बदलत असतं, आणि हा अंक घरोघर महिनोन्‌महिने फिरतो, म्हणून तो आकडा इथे छापत नाही. निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लाल मार्गाने जा आणि स्वतः सांगा. कर भरून दागिना आपला होतो. हिरव्या मार्गाने, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने, निघून पकडलं गेलं तर दागिना जप्त, वर दंड. तीन महिने हिशेब करून वाचवलेले पैसे असे घालवू नका. रोख भारतीय रक्कम येताना-जाताना 25,000 रुपयांपर्यंत ठेवा.

प्रश्न : आईचा जन्म 1955 चा, गोव्यातला. मामा सांगतात पोर्तुगालचा पासपोर्ट निघतो. मी काढला तर इथली शेती, मतदान राहतं का?
— कणकुंबी

उत्तर : 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंद करता येते, हे खरं. पण भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की नागरिकत्व कायदा, 1955 प्रमाणे भारताचं जातं, आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो जपून दोन्ही वापरणं गुन्हा आहे. मतदार यादीतून नाव काढावं लागतं. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, घेऊन ये-जा करता येते, राहता येतं, पण ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन वेगळी, तरी तिचा उतारा आणि वाटणी आईच्या हयातीत स्पष्ट करून घ्या. खानापूरच्या वकिलाला विचारून मगच मामांना हो म्हणा.

जाता जाता एक विनंती. बऱ्याच पत्रांबरोबर आधार, पासपोर्ट, अगदी बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स आल्या. त्या मी वाचून झाल्यावर फाडल्या आहेत. पुढे पाठवू नका. नाव, वय, कुठे जायचं, आणि कोणत्या कागदावर काय लिहिलं आहे एवढं हाताने लिहून पाठवलं तरी मला उत्तर देता येतं. कोणत्याही सेवा केंद्रावर झेरॉक्स देताना तिच्यावर तिरकी रेघ ओढून तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा.